हे काय, इथंच!

कुणालाही 'किती लांब आहे हो?' असं विचारावं आणि त्याने सरळ आकडा सांगावा, असा प्रसंग माझ्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात आलेला नाही. खेड्यात विचारलं तर "ह्यो काय, टेकाडामागं!" असं उत्तर मिळतं. ते टेकाड ओलांडलं की पलीकडे तसलीच आणखी तीन टेकाडं शिस्तीत उभी असतात. मुंबईत विचारलं तर माणूस अंतर सांगतच नाही, वेळ सांगतो. आणि तोही 'फास्ट मिळाली तर' या अटीवर. पुण्यात आधी "कुणाकडे जायचंय?" अशी चौकशी होते, आणि तो गृहस्थ जाण्याच्या लायकीचा नाही असं ठरलं तर पत्ता सांगितलाच जात नाही. आमच्या साताऱ्यात मात्र सगळंच जवळ. "हे काय, इथंच!" एवढं एकच माप आम्हांला पाठ आहे. राजवाडाही इथंच, अजिंक्यताराही इथंच आणि कासचं पठारही इथंच.

अशा गावात मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. २०१३ साली निवृत्त झालो तेव्हा निरोप-समारंभात गणिताच्या सरांना शाल मिळाली, चित्रकलेच्या सरांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि मला पृथ्वी मिळाली. चांगली फूटभर व्यासाची, लाकडी बैठकीवर साडेतेवीस अंशांत कललेली. आमच्या सौभाग्यवतींनी ती कपाटावर ठेवली. थंडीत माझी कानटोपी उत्तर ध्रुवावर अडकवलेली असते. तिथल्या हवामानाचा विचार करता ती जागा चुकीची आहे असं मला, भूगोलाचा माणूस असून, म्हणता येत नाही.

पृथ्वीची ही टोपी पहिल्यांदा कामासाठी उतरली ती २०१६ साली. चिरंजीवांना अमेरिकेत नोकरी लागली. गाव न्यू जर्सीतलं. विमान मुंबईहून निघणार आणि थेट न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कला उतरणार. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न : किती लांब आहे? भूगोलाच्या शिक्षकाच्या आयुष्यात असा क्षण एकदाच येतो. मी भिंतीवर जगाचा नकाशा लावला, फूटपट्टी घेतली आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत सरळ रेघ ओढून जाहीर केलं, "हा बघा रस्ता. अरबस्तान, इजिप्त, मग सहाराचं वाळवंट, मग अटलांटिक महासागर आणि हे आलं न्यूयॉर्क."

चिरंजीव म्हणाले, "बाबा, विमान आइसलंडच्या बाजूने जातं."

"कशाला? पश्चिमेला जायचंय ना?"

"जवळ पडतं म्हणून."

साताऱ्याहून मुंबईला जायला कुणी नागपूरचा रस्ता दाखवावा, तसं मला वाटलं. शेवटी कानटोपी काढून पृथ्वी खाली घेतली. हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणला. एक टोक मुंबईवर दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. तो सहाराच्या वाळवंटाकडे फिरकलाही नाही. सरळ वायव्येला सरकला. तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे करत आइसलंडपाशी वर चढला, ग्रीनलंडच्या शेपटाला चाटून कॅनडात शिरला आणि वरून न्यूयॉर्कात उतरला. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर.

आता 'बृहद्वृत्त' हा शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्तावरून मोजतात, ही तीन गुणांची टीप मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. पण टिपेतली गोष्ट एक दिवस आपल्याच मुलाला उचलून घेऊन जाणार आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. दोष भिंतीवरच्या नकाशाचाही होता. तो मर्केटर नावाच्या गृहस्थाने १५६९ साली खलाशांसाठी काढलेल्या नकाशाच्या वळणाचा. समुद्रात एक दिशा धरून जाणाऱ्याला तो फार सोयीचा. पण ध्रुवांकडे जावं तसा तो देशांना रबरासारखा ताणतो. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. म्हणजे पृथ्वी गोल आहे हे मी पोरांना छडी दाखवून पटवत होतो, आणि स्वतः मात्र सपाट भिंतीवर विश्वास ठेवून होतो.

हे सगळं चालू असताना आमची आई कॉटवर बसून वाती वळत होती. तिचं माहेर वाईचं. लग्न १९५१ सालचं. एस.टी. सुरू होऊन तीन वर्षं झाली होती, पण वऱ्हाड आलं बैलगाड्यांनीच. वाई ते सातारा बावीस मैल. पहाटे निघालेली गाडी दिवेलागणीला पोचली. तेव्हापासून आईच्या हिशेबात प्रवासाचे दोनच प्रकार : उजेडी पोचण्याचा आणि अंधारी पोचण्याचा. तिने विचारलं, "बाळ तिकडे उजेडी पोचेल ना रे?"

"पोचेल. रात्री दीडला निघेल आणि सकाळी आठला उतरेल."

"म्हणजे साडेसहा तास? एवढंच? मग दर शनिवारी येऊ दे की."

आता आली पंचाईत. विमानाला लागतात सोळा तास. पण पृथ्वी दर तासाला पंधरा अंश फिरते आणि आपलं घड्याळ न्यूयॉर्कच्या घड्याळापुढे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. मुलगा पश्चिमेला सूर्याच्या मागे लागून पळतो, म्हणून सोळातले साडेनऊ तास परत मिळतात आणि घड्याळात साडेसहाच उरतात. येताना उलटं. न्यूअर्कहून रात्री आठला निघालं तर मुंबईला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला उतरायचं. घड्याळात साडेतेवीस तास गेले, पण विमान उडालं चौदाच तास.

आई सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे जाताना उतार आहे आणि येताना घाट लागतो."

मी म्हटलं, "अगं, उलट आहे! घाट लागतो तो जाताना. वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याच्या तोंडावर जावं लागतं म्हणून जाताना सोळा तास. येताना तोच वारा मागून ढकलतो म्हणून चौदा. सोळा आणि चौदा मिळून तीस. घड्याळाचे साडेसहा आणि साडेतेवीस मिळूनही तीसच. एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही!"

मला वाटलं, आता टाळ्या पडतील. आई म्हणाली, "ढकलतो ना वारा? मग येणं सोपं आहे म्हण की." आणि पुन्हा वाती वळायला लागली.

मुलाला पोचवायला आम्ही मुंबईला गेलो. सातारा ते मुंबईचा विमानतळ अडीचशे किलोमीटर. पैकी शेवटचे वीस किलोमीटर आधीच्या दोनशे तिसांएवढे असतात, हे कुठल्याच बृहद्वृत्तात बसत नाही. काचेच्या दरवाजाशी तिकीट नसलेली माणसं वेगळी काढतात. तिथे चिरंजीव वाकून नमस्कार करून आत गेले. हिने शेवटपर्यंत "डबा वरच्याच कप्प्यात आहे" एवढं एकच वाक्य चारदा सांगितलं. मीही काहीतरी सांगावं म्हणून म्हटलं, "खिडकी मिळाली तर आइसलंड बघ."

घरी आल्यावर शेजारच्या पोराने फोनवर एक गंमत दाखवली. आकाशातलं प्रत्येक विमान त्यावर मुंगीएवढं दिसतं. आमची मुंगी तोवर रशियात शिरली होती. जेवण झालं, वामकुक्षी झाली, तरी मी फोन हातातून सोडेना. थोडं इकडेतिकडे करत मुंगी माझ्या दोऱ्यावरूनच चालली होती. ही म्हणाली, "तुम्ही बघितलं नाही तर काय पडणार आहे का ते?" मी म्हटलं, "तसं नव्हे, रस्ता तपासतोय." तास-दोन तासांनी तीच येऊन विचारायची, "कुठवर आलं?" आपला मुलगा कुठवर पोचला हे माणसाला अक्षांश-रेखांशांसकट कळावं आणि तरी त्याने डबा खाल्ला की नाही ते कळू नये, याला विज्ञानाची प्रगती म्हणतात.

पुढे माझा या विषयाचा व्यासंगच वाढला. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, तेव्हा कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून वीस हजार किलोमीटरांहून फार लांब असूच शकत नाहीत, हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं. त्याहून लांब गेला तर माणूस दुसऱ्या बाजूने जवळ यायला लागतो! सिंगापूरहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारं विमान सुमारे पंधरा हजार तीनशे किलोमीटर जातं, अठरा तासांहून जास्त वेळ. म्हणजे आमच्यापेक्षाही वाईट अवस्थेतले आईबाप सिंगापुरात आहेत. आणि १९६० साली एअर इंडियाचं बोइंग ७०७ मुंबईहून न्यूयॉर्कला जायला लागलं ते लंडनला थांबून. आता सोळा तास अवघडून बसावं लागतं म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी हे ऐकवतो. ते ऐकून घेत नाहीत ती गोष्ट वेगळी.

मात्र दोरा ताणून झाला की भूगोलाचा तास संपतो आणि नागरिकशास्त्राचा सुरू होतो. २०१९ साली पाकिस्तानने काही महिने आपलं आकाश बंद ठेवलं, आणि २०२५ साली भारतीय विमानांना पुन्हा बंद केलं. २०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाच्या आकाशातून युरोप-अमेरिकेच्या विमानांचं जाणं थांबलं. शेजाऱ्याशी भांडण झालं की त्याच्या अंगणातून जायची पायवाट बंद होते आणि कोपऱ्यावरून वळसा घालावा लागतो, तसंच हे. साताऱ्यात वळसा पन्नास पावलांचा पडतो, वर तो तासाने मोजतात, एवढाच फरक.

चिरंजीव नऊ वर्षांत तीनदा आले. एकदा थेट विमानाने आणि दोनदा दुबईला बदलून. दुबईवरून अंतर फार वाढत नाही, चारशेच किलोमीटर. पण तिकीट स्वस्त पडतं. प्रत्येक वेळी रजा दोन आठवड्यांची. त्यातले चार दिवस झोप जागेवर यायला, चार दिवस नातेवाइकांकडे जेवायला आणि दोन दिवस पुण्यात कसली तरी कागदपत्रं करायला. उरलेले आमचे.

परवाच्या भाद्रपदात गणपती गेले आणि आईला ताप आला. आठ दिवसांत उतरलाही. एक्क्याण्णव वर्षांच्या शरीरात ताप फार वेळ टिकत नाही, त्यालाच दमायला होतं. बरी झाल्यावर एका दुपारी तिने मला हाक मारली.

"मास्तर, इकडे या." आईने मला मास्तर म्हटलं की प्रकरण गंभीर असतं.

"काय गं?"

"बाळाला तिथून निघून इथे या दारात यायला किती तास लागतात? विमानाचे नको सांगू. दारापासून दारापर्यंतचे सांग."

मला काय आनंद झाला! नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शास्त्रशुद्ध प्रश्न विचारला होता. मी कॅलेंडरचं मागल्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठीमागे मांडायला घेतलं. साहेबाला सांगणं, तिकीट काढणं, बॅग भरणं, तीन तास. घरापासून विमानतळ एक तास. तिथे आधी जाऊन बसायचं ते तीन तास. दुबईपर्यंत तेरा. दुबईत वाट बघणं चार. दुबई-मुंबई तीन. मुंबईत शिक्के आणि सामान दीड तास. मुंबई-सातारा साडेपाच. खाली रेघ मारली आणि बेरीज केली.

"चौतीस तास!" मी पान तिच्यापुढे धरलं.

आई जरा वेळ पानाकडे बघत बसली. मग भाजीवाल्याला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मग बर्फ लागणार."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"त्याच्यासाठी थांबायचं नाही बरं का," आई म्हणाली. "चौतीस तास म्हणजे फार झाले. येणारेजाणारे ताटकळतात, सुनेला चहा करकरून पुरेवाट होते. सकाळची वेळ असेल तर दुपारपर्यंत आटपा."

"आई, काहीतरी काय बोलतेस!"

"काहीतरी काय? तूच बेरीज केलीस ना? बरं, मला दुसरं गणित घाल. मी गेल्याचा फोन गेला तर तो चौतीस तासांत येणार. मग मी आहे तेव्हा त्याला यायला इतके महिने का लागतात? वाट तीच ना रे?"

मी एकतीस वर्षं मुलांना प्रश्न विचारले. उत्तर येत नसलं की मुलं वर छताकडे बघतात, त्यांना मी रागवत असे. त्या दुपारी आमच्या घराच्या छताला एक ओल आली आहे हे मला कळलं.

आईचं लक्ष कपाटावरच्या पृथ्वीकडे गेलं. "ती आण इकडे." मी आणून दिली. तिने मुंबई विचारली, न्यूयॉर्क विचारलं आणि मुंबईवर अंगठा ठेवून दोऱ्याच्या जुन्या वाटेने वीत टाकली. वरती बोटं लावली. म्हणाली, "एक वीत, चार बोटं. आणि मला स्वर्ग उरलाय दोन बोटं. जवळ कोण ते तूच बघ. त्याला म्हणावं, यायचं तर आत्ता ये."

रात्री मी फोन लावला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, डिसेंबरात बघतो. आत्ता रजा मिळणं जरा कठीण आहे." मी बर्फाचं काही बोललो नाही. फक्त आजीने घातलेलं गणित आहे तसं वाचून दाखवलं. साडेबारा हजार किलोमीटर फोनच्या आवाजाला काहीच लागत नाहीत. पण त्याची बोलती बंद झाली आणि ती शांतता पोचायला बराच वेळ लागला. मग म्हणाला, "दिवाळीला येतो."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी तो दारात उभा राहिला. चौतीस तास मी धरले होते, लागले छत्तीस. दोन तास खोपोलीच्या पुढे घाटात अडकला होता. आजीला नमस्कार केला आणि खुर्चीवर बसल्याबसल्या झोपी गेला. पूर्वेकडे आलेल्या माणसाचं शरीर जुनं घड्याळ सोडायला तयार नसतं, दिवसाला तास-दीड तास असं हट्टाने पुढे सरकतं. त्याच्या पोटात न्यूयॉर्क वाजत होतं. दुपारी दोनला तो गाढ झोपायचा आणि रात्री अडीचला टक्क जागा. आमची मात्र कुरकुर चालू झाली : इतक्या लांबून आला, आणि आपण जागे असताना हा झोपलेला!

तिसऱ्या रात्री मला स्वयंपाकघरात उजेड दिसला. दाराआडून बघितलं. नातू ओट्यापाशी चहा गाळत होता आणि आजी पाटावर चकल्यांचा डबा उघडून बसली होती. मग आठवलं, गेल्या पाच-सहा वर्षांत आईला रात्री अडीचनंतर झोप लागतच नाही. पहाटेपर्यंत एकटीच अंधारात बसून असते, आम्हांला उठवायचं नाही म्हणून दिवासुद्धा लावत नाही. साऱ्या घरात रात्री अडीचला जागं असणारं दुसरं माणूस तिला आता मिळालं होतं. एकजण अमेरिकेच्या वेळेने जागा होता, एकजण म्हातारपणाच्या. दोन घड्याळं अगदी मिनिटाला जुळली होती.

"आजी, लग्न होऊन वाईहून निघालीस तेव्हा रडलीस?"

"रडले तर! भुईंजपर्यंत रडले."

"मग?"

"मग भूक लागली." आजीने चकली मोडली. "आणि तू कुठवर रडलास रे?"

नातू जरा थांबला. "आइसलंडपर्यंत."

"मग?"

"मग आईचा डबा उघडला."

दोघं इतके हसले की आजीला ठसका लागला. मी पाऊल न वाजवता परत खोलीत आलो. ही जागी झाली होती. अंधारात शेजारचं अंथरूण चाचपून दचकून म्हणाली, "अहो, बाळ कुठे गेला एवढ्या रात्री?"

मी म्हटलं, "हे काय, इथंच!"